रोमले की रूमले

हसायचं नाही, असं वचन घेऊनच मी हा किस्सा सांगत असतो. आजवर ते कोणी पाळलेलं नाही, माझ्या बायकोनेसुद्धा नाही. तेव्हा निदान हातातला चहा खाली ठेवा, उगाच ठसका लागेल. गोष्ट एवढीच आहे की मी माझ्या धडधाकट बापाला अख्ख्या गावासमोर मारून टाकलं. तेही डिझाइन करून.

माझं नाव पास्कल वानखडे. ईस्टरला जन्मलो म्हणून मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टरने हे नाव ठेवलं. अमडापूरला ते काही पेललं नाही, गाव मला फसकल म्हणतं. गावात कॅथलिक घर आमचं एकच आणि चर्च तिकडे तालुक्याला. त्यामुळे आमच्यात काय असतं आणि काय नसतं, याबद्दल ज्याला जे वाटेल ते तो छातीठोक सांगतो.

माझं फ्लेक्सचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे अंगण आणि अंगणात घर नि नव्याने बांधलेली एक खोली. तिला सगळे 'रूम' म्हणतात, कारण तिला फरशी आहे आणि कूलर आहे. तिथे बाबा राहतात, गाव त्यांना योसेफबाबा म्हणतं. बाहेर जाताना कुलूप लावून किल्ली करगोट्याला बांधतात. ही रूम जरा ध्यानात राहू द्या, पुढे सगळा घोटाळा तिच्यातच आहे.

त्याआधी बाबांचं आणि पेत्रूकाकाचं सांगितलं पाहिजे. पेत्रूकाका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, वडनेर भोलजीला असतो, शेती करतो. दोघांत कितीतरी वर्षं बोलणं नव्हतं. तुम्ही म्हणाल, शेताच्या धुऱ्यावरून असेल. नाही हो. भांडण झालं येशूवरून.

गुड फ्रायडेला आमच्या चर्चमध्ये क्रूसाची वाट करत असत. म्हणजे येशूच्या खांद्यावर क्रूस देऊन त्याला नेतात, तो देखावा. बाबा दरवर्षी येशू. दाढी चिकटवली की शोभायचेही. काका दरवर्षी रोमन शिपाई, हातात दोर. मारायचं ते नुसतं दाखवायला. पण त्या वर्षी काकाने दोर पाठीवर असा ओढला, की येशूने क्रूस खाली टाकून शिपायाची गचांडी धरली. शेवटी येशूला शिक्षा सुनावणारा जो पिलात, त्यालाच मध्ये पडून सोडवासोडव करावी लागली.

बाबा म्हणाले, "यानं खरंच मारलं." काका म्हणाला, "लागला असन चुकून." बाबांनी भर चर्चच्या आवारात सांगून टाकलं, "माह्या जित्या जीवी हा माह्या दारात पाय ठेवनार नाई." काकाही वानखडेच. म्हणाला, "मयतालेच येईन मंग."

हसू येतं ना? मलाही यायचं. पण आई गेली तेव्हा काका कबरस्तानाच्या फाटकापाशी उभा राहून परत गेला. बाबांनी पाहिलं, हाक मारली नाही. आणि तेव्हापासून दर ईस्टरला बाबा मला विचारतात, "पेत्र्याचा फोन आल्ता का?" मी नाही म्हणतो. मग ते म्हणतात, "मी सहज इचारलं." दोघांनी सत्तरी ओलांडलेली. कोण आधी जाईल आणि कोण कोणाच्या शवपेटीशी बोलत बसेल, याचा विचार आला की मला फार वाईट वाटायचं.

तर ईस्टरचा दुसरा दिवस, सोमवार. बायको मुलांना घेऊन माहेरी गेली होती. बाबा सकाळच्या एसटीने चिखलीला डोळे दाखवायला गेलेले. मी दुकानात. दुपारी फोन चाळताना बातमी दिसली, पोप गेले.

आता तुम्हाला वाटेल, रोमचे पोप कुठे आणि फसकल कुठे. पण आमच्या घरात पोपसाहेब म्हणजे घरचेच. आई रोज जपमाळ संपली की त्यांच्यासाठी वेगळी प्रार्थना म्हणायची. लहानपणी मला वाटायचं, हे आमचे कोणी दूरचे आजारी नातेवाईक असावेत. बाबांच्या रूममध्ये कॅलेंडरातून कापलेला त्यांचा फोटो आहे.

मग मला जे येतं ते मी केलं. डिझाइन उघडलं. श्रद्धांजलीचं आमचं तयारच असतं. काळी पार्श्वभूमी, मेणबत्ती, पांढरी फुलं आणि खाली शोकाकुल. फक्त नाव आणि फोटो बदलायचा. पोपसाहेबांचा फोटो नेटवरून घेतला तर तो मोठा केला की फाटत होता, नुसते चौकोन दिसत होते. म्हटलं, आपल्या दुकानातून फाटका फोटो जायचा नाही. त्याच्या जागी क्रूस टाकला. चर्चमध्ये आम्ही त्यांना पवित्र पिता म्हणतो, म्हणून लिहिलं, 'आमचे परमपूज्य पवित्र पिता यांना देवाज्ञा झाली. भावपूर्ण श्रद्धांजली. शोकाकुल, वानखडे परिवार, अमडापूर.' स्टेटसला लावलं, गावाच्या ग्रुपवर टाकलं आणि फोन चार्जिंगला लावून कामाला लागलो.

आता कळलं ना तुम्हाला? मला नाही कळलं.

पहिला आला रशीदभाई. शेजारी त्याचं चपलांचं दुकान आहे. डोक्याला रुमाल बांधलेला, डोळे लाल. त्याने माझा हात हातात घेतला.

"फसकलभाई, लय वाईट झालं. कवा झालं?"

"सकाळीच. मले आत्ता समजलं, मोबाइलवर."

"मोबाइलवर?" तो माझ्याकडे पाहत राहिला. "अन तू इथी काम करून राह्यला?"

"उद्याचं बारशाचं बॅनर हाये ना अर्जंट."

"आता हायेत कुठी?"

"रोमले."

"रूमले?"

"हाव. राहेत तठीच ना ते. तठीच गेले."

रशीदभाईने मागच्या दारातून रूमकडे पाहिलं. "कुलूप दिसते बाहेरून."

मी म्हटलं, बघा, याला किती माहिती आहे. "हाव, रिवाजच हाये तो. खोली बंद करून सील करतात. अन बोटातली अंगठी काढून हातोडीनं फोडतात."

"फोडतात? काऊन?"

"कोनी मागून तिचा शिक्का मारू नये म्हनून."

रशीदभाई स्टुलावर बसला. मग हळूच म्हणाला, "नेता कवा मंग?"

"चार-पाच दिवस तं ठेवतीन."

"चार-पाच दिवस? ह्या उन्हात?"

"लोक यायचे हायेत ना दर्शनाले. राजे-महाराजे, राष्ट्रपती."

"मी खामगावहून बर्फाच्या लाद्या मागवू का?"

मला त्याच्या भाबडेपणाची गंमत वाटली. म्हटलं, "नाई गा, त्यायच्याजवळ सारी सोय हाये."

"अन आता मोठं मानूस कोन तुमच्या घरात?"

"दुसरे निवडतीन ना. म्हातारे म्हातारे सारे एका खोलीत कोंडून घेतात, मतदान करतात. जमलं की धुराड्यातून पांढरा धूर सोडतात."

रशीदभाईच्या तोंडचं पाणी पळालं. "तुमच्यात बापाचीबी निवडनूक असते?"

"आतापावतर तं अशीच होत आली."

मी त्याला ईस्टरचा केक देऊ केला. त्याने छातीवर हात ठेवून नको म्हटलं आणि तो उठून गेला. माझ्या मनात आलं, काय माणूस आहे, आपल्या पोपसाठी याच्या घशाखाली घास उतरत नाही.

मग रांगच लागली. शेजारच्या शांताकाकू पदर तोंडाला लावून आल्या. म्हणाल्या, "चूल पेटवू नको रे बापू, मी भाकर धाडते." मला भरून आलं. पोपसाठी आमची चूल बंद ठेवायला शांताकाकू तयार, असं गाव कुठे मिळतं?

"रड रे बापू," त्या म्हणाल्या, "मोकळा होय."

"रडू कशाले काकू? वय झालंच होतं. सुटले बिचारे."

काकू एक पाऊल मागे सरकल्या. मी केकचं ताट पुढे केलं, तर त्या आणखी एक पाऊल मागे सरकल्या.

अंगणात कोणी सतरंज्या टाकल्या. लोक रूमच्या दाराशी चपला काढून हात जोडत होते, उंबऱ्यावर फुलं ठेवत होते. म्हटलं, आत पोपसाहेबांचा फोटो आहे, हे सगळ्यांना ठाऊक दिसतं. ट्रॅक्टरमधून बांबू उतरले, मला वाटलं मंडप घालतात. एवढ्या लोकांसाठी काहीतरी बोललं पाहिजे, म्हणून मी दुकान अर्धं बंद केलं आणि ओट्यावर उभा राहिलो. भाषणाची हौस, दुसरं काय.

"मंडळी," मी म्हटलं, "तुमचं हे प्रेम मी जन्मभर इसरनार नाई. खरं सांगतो, मी त्यायले आयुष्यात एकदाबी पाह्यलं नाई."

अंगणात चुळबुळ झाली. शांताकाकू उभ्या राहिल्या. "पाह्यलं नाई? मंग शाळेत तुले खांद्यावर कोन घेऊन जाय?"

मी गोंधळलो. पोप मला शाळेत नेत होते, असं काकूंना का वाटतं, याचा विचार करत असतानाच दारात जीप थांबली. त्यातून पेत्रूकाका उतरला. मागे त्याची दोन्ही मुलं, सुना. काकाची टोपी कुठेतरी पडलेली होती. तो माझ्याकडे न बघता सरळ रूमकडे गेला आणि कुलूप लावलेल्या दारावर त्याने डोकं टेकलं.

"दादा," तो म्हणाला, "मी आलो रे. तू म्हनला तसाच आलो."

आणि तेव्हा, मंडळी, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दादा. पिता. बर्फ. बांबू. भाकरी. रोमले, रूमले. सगळं एकदम. मी ओट्यावरून खाली उतरलो. पण काकाला सांगायचं तरी काय? काका, बाबा चिखलीला डोळ्यांत थेंब घालायला गेलेत? तो इतक्या वर्षांनी या दारात आला होता, आणि आता हे ऐकून परत गेला असता, तर पुन्हा कधीच आला नसता. नुसती माझी फजिती असती, तर निभावली असती हो. पण यात काकाचं हसं होणार होतं आणि बाबा त्याला आयुष्यभर ते ऐकवणार होते.

काका बोलतच होता. "दादा, मी खरंच मारलं व्हतं रे. दोर पान्यात भिजवून आनला व्हता. दरसाली तूच येशू, दरसाली तूच. मी आपला शिपाई. मले एकदाबी कोनी म्हनलं नाई, पेत्रू, औंदा तू व्हय येशू. राग आला मले. अन मंग कबूल कराची लाज वाटली. आता कोनाले सांगू?"

बायकांचे डोळे भरलेले. आणि तेवढ्यात सतरंजीवरच्या मागच्या रांगेतून आवाज आला.

"तसं सांगाचं ना मंग. दाढी तुलेच देली असती."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. बाबा बसले होते. डोळ्यांवर डॉक्टरने दिलेला काळा चष्मा, टोपी काढून मांडीवर ठेवलेली. नंतर कळलं ते असं, की थेंबांमुळे त्यांना सगळं धूसर दिसत होतं. एसटीतून उतरले, घराशी गर्दी पाहिली, शेजारी कोणी गेलं असेल असं समजून रीतीप्रमाणे टोपी काढून बसले. शेजारच्याला विचारलंही होतं, कोण गेलं म्हणून. तो मान वर न करता रडत म्हणाला, योसेफबाबा. बाबांना वाटलं, दुसरा कोणी योसेफ असेल. गावात दुसरा योसेफ कुठून येणार, हा विचार करत होते, तेवढ्यात काकाचा आवाज ओळखू आला.

एक-दोघं उठून रस्त्याकडे पळाले. शांताकाकू मटकन खाली बसल्या. रशीदभाई मात्र पुढे आला, बाबांच्या हाताला बोट लावून पाहिलं आणि मला म्हणाला, "फसकलभाई, तुमच्यात तिसऱ्या दिवशी उठतात ना? हे तं त्याच दिवशी उठले."

काका दारापासून हलला नव्हता. बाबा चाचपडत उठले, लोकांनी वाट दिली. दोघे समोरासमोर उभे राहिले. बाबांना त्याचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून त्यांनी हाताने चाचपून पाहिला. गाल ओले लागले. त्यांनी आपल्या धोतराच्या सोग्याने ते पुसले.

"लय जोरात मारलं व्हतं बे तू," बाबा म्हणाले.

"हाव," काका म्हणाला.

बस, एवढंच. करगोट्याची किल्ली काढून बाबांनी ती काकाच्या हातात दिली, आपल्याला भोक दिसत नाही म्हणून. काकाने कुलूप उघडलं आणि दोघे रूममध्ये जाऊन कूलरसमोर बसले. मी तिथेच उभा राहून रडलो. शांताकाकू म्हणाल्या, "आता रडते हा. मेला तवा केक वाटे."

पुढचा तास गाव माझ्याशी काय बोललं, ते मी इथे सांगणार नाही. भाकऱ्या मात्र आल्या होत्या त्या संपल्या. बांबूवाल्याने येण्याजाण्याचं भाडं घेतलं. आणि बाबांनी आत बसल्या बसल्या मला बोलावून कोण कोण आलं होतं आणि कोण आलं नव्हतं, हे नीट विचारून घेतलं. पोप गेल्याचं मी त्यांना तेव्हा सांगितलं. त्यांनी चाचपडत भिंतीवरचा फोटो काढून मांडीवर घेतला. मग काकाला म्हणाले, "चाल, आईवानी एक प्रार्थना म्हनू त्यायच्यासाठी." दोघे भाऊ गुडघ्यांवर टेकले. खरं सांगतो, इतका सुंदर पोपचा दुखवटा रोमलाही झाला नसेल.

इथे किस्सा संपला असता तर बरं झालं असतं. पण मला चूक निस्तरायची घाई. मी आमच्या फादरना फोन लावला. फादर केरळचे. मराठी उत्तम बोलतात, पण वऱ्हाडी त्यांच्या कानाला अजून सवयीची नाही. मी म्हटलं, "फादर, आइतवारी बाबासाठी मिस्सा ठेवा. देवाची लय किरपा, मोठ्या संकटातून सुटलो." मिस्सा म्हणजे चर्चमधली मोठी प्रार्थना, ती आभारासाठीही असते आणि मयतासाठीही. आभाराची मिस्सा, एवढंच माझ्या मनात. पण आभार हा शब्द तोंडातून काढायला नको का? फादरकडे माझं स्टेटस पाहून चार लोकांचे फोन आधीच येऊन गेले होते. ते म्हणाले, "धीर धरा पास्कल." मला वाटलं, पोपसाठी म्हणतायत.

रविवारी बाबा आणि काका पहिल्या बाकावर शेजारी शेजारी, दोघांच्या अंगावर नवे सदरे. काकाची मुलं, सुना, माझी बायको, पोरं, सगळं वानखडे खानदान एका रांगेत. असं चित्र मी लहानपणी पाहिलं असेल तेवढंच. माझी छाती फुगली. फादर वेदीवर आले, चष्मा लावला आणि कागद वाचला.

"आजची मिस्सा स्वर्गवासी योसेफ वानखडे यांच्या आत्म्याला चिरशांती मिळावी म्हणून अर्पण करीत आहोत."

सगळ्या चर्चमध्ये "आमेन" म्हणणारा एकच आवाज आला. तो बाबांचा होता.

फादरनी चष्मा खाली करून पहिल्या बाकाकडे पाहिलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी जपमाळेकडे पाहिलं.

मिस्सा संपल्यावर बाहेर कडुलिंबाखाली सगळे जमलो. काका हसून हसून दमला होता. डोळे पुसत म्हणाला, "दादा, तू खरा जाशीन ना, तवाबी मी येईनच."

"तुहं येनं झालं," बाबा म्हणाले. "आता मयताले नको येऊ. आइतवारी जेवाले येत जाय."

मग ते माझ्याकडे वळले. काळा चष्मा गेला होता, आता त्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं.

"अन तू. दोन डाव मारलं मले. एक डाव गावात, एक डाव चर्चात. आता खरा मेलो तं कोन बे इस्वास ठेवन? एक मानूस यायचा नाई. पेटी उचलाले चार जनं लागतात, पास्कल. चारी कोपरे तूच धरजो."